उजव्या दाराची तालीम

"पुन्हा चुकलास," मास्तर म्हणाले. "जा, परत खाटेवर बस. मी घंटा वाजवतो."

कंडक्टर निमूटपणे खाटेवर जाऊन बसले. मास्तरांनी स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटून घंटा वाजवली. कंडक्टर उठले, दोन खाटांच्या मधल्या बोळातून ताठ मानेनं चालत निघाले आणि खोलीच्या टोकाला पोचल्यावर बिनदिक्कत डावीकडे वळून जिन्याच्या दाराची कडी काढू लागले.

"अरे बाबा, ते 'नाही'चं दार. 'होय'चं कुठलं?"

"बाथरूमचं," कंडक्टर म्हणाले.

"मग तिकडे का नाही वळलास?"

"मला तोंडपाठ आहे हो मास्तर. पण पायांना कुणी सांगायचं?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. हसू त्यांनाही येत होतं, पण आज हसून चालणार नव्हतं. त्यांनी चष्मा नीट केला आणि पुन्हा चमचा उचलला.

खासदार निवासातल्या तिसऱ्या मजल्यावरची ही खोली दोघांची मिळून होती. दोघे एकाच पक्षाचे, एकाच निवडणुकीत पहिल्यांदा निवडून आलेले, आणि अकरा वर्षं एकाच खोलीत राहिलेले. एकमेकांच्या घोरण्याबद्दल कुणीच कधी तक्रार केली नव्हती, कारण दोघेही घोरत आणि दोघांनाही आपण घोरत नाही याची खात्री होती. मास्तर मूळचे शाळेत भूमिती शिकवायचे. कंडक्टरांनी राजकारणात येण्याआधी अर्धं आयुष्य डोंगरातल्या वरच्या गावांना जाणाऱ्या एकुलत्या एका गाडीवर काढलं होतं. त्या गाडीत चढणारं प्रत्येक माणूस, त्याच्या सासरच्या आणि माहेरच्या माणसांसकट, त्यांना ठाऊक होतं. तेवढ्या भांडवलावर ते निवडून आले आणि येतच राहिले. खासदार झाल्यावरही त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. सभागृहाच्या दाराशी घोळका झाला की कुणीतरी हमखास ओरडायचं, "पुढं सरका, पुढं सरका," आणि कंडक्टर मनापासून हसायचे.

तालमीची भानगड अशी होती. त्या सभागृहात मतदान बटण दाबून होत नसे. घंटा वाजली की सगळ्यांनी उठायचं, ठरावाच्या बाजूचे असतील त्यांनी उजव्या दारानं बाहेर पडायचं, विरोधातल्यांनी डाव्या दारानं. दारापलीकडच्या लांबट खोलीत जाऊन थांबायचं, मग दारं बंद होत आणि डोकी मोजली जात. कंडक्टरांचा पक्ष अकरा वर्षं विरोधात होता. सरकार काहीही आणो, या मंडळींचं दार डावं. सवय इतकी जडली होती, की काही जण निम्मी झोप काढून घंटेसरशी उठत, डाव्या दारानं जात आणि तिथल्या बाकावर उरलेली झोप पुरी करत.

आणि चार महिन्यांपूर्वी हा पक्ष एकदम सत्तेवर आला. माणसं समोरच्या बाकांवरून इकडच्या बाकांवर आली, काहींना मोटारी मिळाल्या, पण पाय होते तिथेच राहिले. पहिल्याच मतदानाला खुद्द अर्थमंत्री आपल्याच विधेयकाच्या विरोधात चालत गेले. अशा वेळेसाठी एक जुनी रीत होती: मोजणीचा आकडा वाचला जाण्याआधी उभं राहून "चूक झाली, अध्यक्षमहोदया" असं म्हटलं की मत इकडचं तिकडे करून मिळायचं. हळूहळू बाकीच्यांचे पाय वळणावर आले. कंडक्टरांचे काही आले नाहीत. अकरा वर्षांत त्यांनी सभागृहात एकही भाषण केलं नव्हतं. कामकाजाच्या नोंदीत त्यांच्या नावावर एकच वाक्य होतं, "चूक झाली, अध्यक्षमहोदया", आणि तेही गेल्या चार महिन्यांत दर मतदानाला.

एरवी हा चेष्टेचा विषय होता. आज मात्र मास्तरांची मान त्यात अडकली होती. मास्तर आता पक्षाचे प्रतोद होते, म्हणजे आपल्या सगळ्या खासदारांना वेळेवर हजर करून योग्य त्या दारातून बाहेर काढणं हे त्यांचं काम. आणि आजचं मतदान साधंसुधं नव्हतं.

देशाच्या तिजोरीत खडखडाट होता. बँकांची शटरं गुडघ्यापर्यंतच वर जात, आत वाकून जावं लागे आणि बाहेर येताना माणूस गेला होता तसाच हात हलवत येई. बाहेरचे सावकार नवं कर्ज द्यायला तयार होते, पण अटींवर. त्या अटींचं नऊशे पानांचं बाड घेऊन त्यांचे अधिकारी येऊन राहिले होते. लोक त्यांना 'पाहुणे' म्हणत. जुन्या सरकारनं या अटी मान्य केल्या म्हणून लोकांनी त्याला घरी बसवलं होतं. 'एकही अट मान्य नाही' ही घोषणा मास्तरांच्या डोक्यातून निघाली होती आणि गावोगावच्या भिंतींवर रंगली होती. त्या घोषणेवर निवडून आलेलं सरकार आज त्याच अटी, वर थोड्या जास्तीच्या घालून, मंजूर करायला निघालं होतं. पाहुण्यांचं म्हणणं असं, की नुसती मंजुरी नको. सरकार पक्षाचा एकूण एक खासदार बाजूनं गेलेला दिसला पाहिजे, नाहीतर उद्या तुम्ही पुन्हा फिराल.

"दमलो," कंडक्टर खाटेवर टेकत म्हणाले. "चहा घेऊ या का?"

मास्तरांनी चहा ओतला. दोघांनी पाव बुडवून खाल्ला.

"मास्तर, त्या बाडात आमची गाडी आहे," कंडक्टर म्हणाले.

"कुठली गाडी?"

"वरच्या गावांची. तोट्यात चालणाऱ्या सगळ्या गाड्या महिनाअखेर बंद. नाव घालून लिहिलंय. काल सापडलं मला."

"नऊशे पानं वाचलीस तू?"

"छे. गाड्यांचं पान तेवढं हुडकलं." कंडक्टरांनी पेला खाली ठेवला. "प्रचाराला मी त्याच गाडीनं गेलो होतो. प्रत्येक थांब्यावर उतरून सांगितलं, मी आहे तोवर गाडी बंद होणार नाही. भाषणबिषण मला जमत नाही, एवढं एकच सांगितलं. त्यावर मतं दिली त्यांनी."

मास्तर बराच वेळ पावाचे तुकडे बोटानं गोळा करत राहिले. "मला काय हौस आहे का?" ते म्हणाले. "भिंती मी रंगवल्यात. एक तर शाळेसमोरची, स्वतःच्या हातानं, शिडीवर चढून. माझेच विद्यार्थी खाली उभे होते. पण कंडक्टर, आज हे झालं नाही तर सोमवारी बँका उघडत नाहीत. दवाखान्यात औषध नाही, पंपावर डिझेल नाही. मग तुझी गाडी कागदावर चालू राहून करायचंय काय?"

"ते खरं."

"तूच सांग, दुसरा काही मार्ग दिसतो तुला?"

कंडक्टरांना दिसत नव्हता. वादात मास्तरांपुढे त्यांचा कधीच टिकाव लागला नव्हता. मास्तर एक बाजू मांडत, मग दुसरी, मग अमुक म्हणून तमुक, आणि माणूस मुकाट्यानं मान डोलावी. आजही तसंच झालं. शिवाय मास्तरांचा चेहरा गेल्या आठवड्यात इतका ओढला गेला होता, की त्यांच्याशी वाद घालायचं कंडक्टरांच्या जिवावर आलं.

"मग शब्द दे. उजव्या दारानं जाशील."

"दिला शब्द," कंडक्टर म्हणाले. "उठा, पुन्हा वाजवा घंटा."

या वेळी ते बरोबर बाथरूममध्ये गेले. पुढच्या वेळीही गेले. तिसऱ्या वेळी मास्तर खूष होऊन म्हणाले, "आता आतच थांब आणि आंघोळ उरकून घे."

आंघोळ करून बाहेर येतात तोच बायकोचा फोन आला. तिचे फोन नेहमी एकाच वाक्यानं सुरू होत.

"अहो, जेवलात का?"

"आत्ताच पाव खाल्लाय. तुझं कसं चाललंय?"

"माझं काय चालायचंय. काय ठरलं मग?"

"उजवीकडनं," कंडक्टर म्हणाले.

पलीकडे भांड्यात पळी फिरल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं." ती त्यांच्या राजकारणात कधी पडत नसे. पण तिच्या 'बरं'चे अनेक प्रकार होते आणि तीस वर्षांच्या संसारात कंडक्टरांना ते सगळे ओळखू येत.

"काही म्हणायचंय का तुला?"

"मी काय म्हणणार? तुम्ही चार शहाण्या माणसांत बसलेले. सकाळी अंडीवाली मावशी येऊन गेली. पहिल्याच गाडीनं उतरली होती. मी विचारलं, मावशी, गाडीचं कळलं का काही. तर म्हणाली, आपले भाऊ आहेत ना तिथं, मग मी कशाला घोर करू. टोपली टेकवली, पाणी प्यायली, नातीला दात आले म्हणून सांगत बसली."

"दात आले?"

"वरचे दोन. बरं, ठेवते मी. गॅसवर दूध आहे."

फोन खिशात घालून कंडक्टर कितीतरी वेळ शर्टाची बटणं लावत बसले. एक बटण राहिलं, मास्तरांनी ते लावून दिलं.

दुपारी सभागृह गच्च भरलं. नऊशे पानांच्या प्रती हातगाड्यांवरून आणून प्रत्येकाच्या बाकावर ठेवल्या होत्या. बहुतेकांनी त्यावर कोपरं टेकली होती. ठराव एका ओळीचा होता: सोबत जोडलेलं सगळं मंजूर. वर गॅलरीत पाहुणे बसले होते, त्यातल्या एक बाई चुळबुळत सारख्या घड्याळाकडे पाहत होत्या, कारण चारच्या आत निकाल कळवायचा होता. पंतप्रधानांनी थोडक्यात भाषण केलं. आवाज बसला होता त्यांचा. देशाला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून हे करतोय, म्हणाले. त्यांच्याच बाकांवरून टाळ्या आल्या, पण अशा, की जणू हिवाळ्यात हात चोळतायत.

मजेत होते ते फक्त समोरचे, म्हणजे जुन्या सरकारातले. अटी मुळात त्यांनीच आणलेल्या, त्यामुळे तेही आज बाजूनंच जाणार होते. घंटा वाजली तसे ते पुढे होऊन उजव्या दाराशी उभे राहिले आणि लग्नघरच्या यजमानांसारखे हात जोडून सरकार पक्षाला म्हणू लागले, "या, या. दार तुमच्याच ओळखीचं आहे. लाजू नका."

दोन्हीकडचे सगळेच त्या एका दाराशी लोटले. इतकी गर्दी त्या दारानं आजवर पाहिली नव्हती. एका मंत्र्याचा जोडा निघाला, तो घ्यायला ते वाकले आणि मागचे त्यांच्यावर आले. मास्तर दाराच्या बाजूला उंबऱ्यावर उभं राहून आपली माणसं मोजत होते. शाळेच्या सहलीत मुलं मोजावीत तसे ते एकेकाच्या खांद्याला हात लावून आकडा म्हणत होते. मध्येच त्यांनी टाचा उंचावून मागं पाहिलं. कंडक्टर बाकांच्या ओळीतून शहाण्यासारखे उजवीकडेच येत होते. मास्तरांनी मान हलवली आणि ते पुन्हा मोजू लागले.

कंडक्टर खरोखरच उजवीकडे निघाले होते. त्यांच्या मनात त्या वेळी ठरावही नव्हता आणि शब्दही नव्हता. प्रचाराच्या वेळी अंडीवाल्या मावशीनं आपली नात त्यांना गाडीतच पहिल्यांदा दाखवली होती, ते त्यांना आठवत होतं, आणि ती पोर आता चावायला लागली असेल, असं काहीसं मनात चाललं होतं. गर्दीपाशी पोचल्यावर कुणाचं तरी कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "पुढं सरका, पुढं सरका."

पुढच्या दाराशी गर्दी झाली, की गाडीला वळसा घालून मागच्या मोकळ्या दारानं चढायचं, हे कंडक्टर आयुष्यभर करत आले होते. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. ते वळले, रिकाम्या बाकांमधून झपझप चालत गेले, समोर मोकळं दार दिसलं, त्यातून आत शिरले, आणि त्यांच्या मागे दार बंद झालं.

आत गारवा होता. लांबट खोलीत उंच खिडक्यांतून ऊन आलं होतं. बाकावर सगळी मिळून जेमतेम पाच-सहा माणसं बसली होती. त्यातल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, कुठल्याच पक्षात नसलेल्या. त्यांनी थर्मासचं झाकण उघडत वर पाहिलं.

"कंडक्टर, आज पण?"

कंडक्टरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ही खोली त्यांच्या ओळखीची होती. खिडकीखालच्या बाकाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा होता, तो अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच सरकवला होता.

"आज पण," ते म्हणाले.

"बसा. चहा घ्या थोडा. दार उघडलं की जाऊन सांगा नेहमीचं."

कंडक्टर बसले. आधी त्यांना मास्तर आठवले. आपण त्या माणसाला शब्द दिला होता, सकाळी, त्याच्यासमोर खाटेवर बसून. पण झाकणातला चहा पिता पिता त्यांच्या लक्षात आलं, की आठवडाभर छातीवर काहीतरी बसलं होतं ते आता तिथं नाही. त्यांना बरं वाटत होतं. तापातून उठलेल्या माणसाला भूक लागते तसं, साधं, सरळ बरं वाटत होतं. एवढं बरं वाटण्यासारखं काय झालं हे त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत दार उघडलं.

दारात मास्तर उभे होते. घामानं त्यांचा चष्मा खाली आला होता. त्यांच्या आकड्यात एक कमी भरला होता आणि तो एक कोण, हे त्यांना वेगळं शोधावं लागलं नव्हतं.

"काही बिघडलेलं नाही," मास्तर खालच्या आवाजात घाईघाईनं म्हणाले. "आकडा अजून वाचलेला नाही. मी अध्यक्षबाईंना खूण केलीय. तू फक्त उभा राहा आणि नेहमीचं वाक्य म्हण. चल."

"मास्तर..."

"चल रे. नंतर बोलू."

सभागृहात सगळे आपापल्या जागी परतले होते. अध्यक्षबाईंच्या हातात मोजणीचा कागद होता. कंडक्टरांना त्या दारातून येताना पाहून दोन्ही बाजूंना खसखस पिकली. दिवसभर तोंड पाडून बसलेल्या त्या सभागृहाला हसायला निमित्त हवंच होतं. अध्यक्षबाईंनीही ओठ दाबून हसू आवरलं.

"माननीय सदस्यांना काही सांगायचं आहे, असं मला कळतं," त्या म्हणाल्या. "बहुधा नेहमीचंच."

कंडक्टर उभे राहिले. पुढच्या बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"अध्यक्षमहोदया," ते म्हणाले आणि थांबले. हसू ओसरेपर्यंत थांबले. "आलो चुकूनच. खोटं नाही सांगत. उजवीकडनं जायचं म्हणून निघालो होतो. सकाळपासून तालीमही केलीय, हे मास्तर साक्षीला आहेत. पण तिकडे गर्दी फार होती आणि मी इकडे आलो. आणि इकडे आल्यावर मला बरं वाटलं."

कुणीतरी पुन्हा हसलं, पण ते हसू एकटंच राहिलं.

"म्हणजे दुरुस्ती करायची ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नको," कंडक्टर म्हणाले. "राहू द्या तसंच."

मास्तरांनी डोळे मिटले.

"मला वादात काही समजत नाही," कंडक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मुळात मोठा, इंजिनाच्या वरताण बोलायची सवय असलेला, आणि तो अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या छतापर्यंत गेला. "पैसे संपलेत, हे खरंय. आमची गाडी तोट्यात आहे, तेही खरंय, ती कायमच तोट्यात होती. उजवीकडनं गेलेले सगळे वाईट आणि मी एकटा भला, असं मी म्हणणार नाही. माझ्याहून शहाणी माणसं गेलीत तिकडनं. पण चार महिन्यांपूर्वी आपण लोकांना विचारलं होतं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. ते पाळता येत नसेल तर नसो. पण ते नाही म्हणाले होते, एवढं तरी इथं कुणीतरी म्हणायला हवं ना? नाहीतर मग विचारलं कशाला त्यांना? आमच्या वरच्या गावांकडनं मी ते म्हणतो. नोंद करून घ्या."

ते खाली बसले. अध्यक्षबाई त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या आणि मग त्यांनी कागद वाचला. ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर झाला. वर गॅलरीत पाहुण्यांनी बेरीज ऐकून घेतली, कागद बॅगेत भरले आणि ते निघून गेले. एकूण एक खासदाराचा हट्ट त्यांचाच, पण एवढ्या मोठ्या बेरजेत एक मत इकडचं तिकडे झालं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कंडक्टर काय बोलले, ते त्यांना कुणी समजावून सांगितलं की नाही, कोण जाणे.

पक्षाच्या मात्र ते फार जिव्हारी लागलं. तासाभरात बैठक बसली. काहींनी कंडक्टरांचा हात हळूच दाबला, काहींनी पाठ फिरवली, आणि एका तरुण खासदारानं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, की खरंच चुकून झालं होतं का. "खरंच," कंडक्टर म्हणाले. त्याला ते पटलं नाही. बैठकीत ठरलं: पक्षातून काढून टाकायचं, पक्षाच्या वाट्याची खोली आजच्या आज रिकामी करायची, आणि पक्षाच्या कुणीही त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. हुकमावर सही प्रतोदांची लागते. ती मास्तरांनी केली.

कंडक्टर खोलीवर येऊन ट्रंक भरत होते. अकरा वर्षांचा संसार म्हणजे होतं काय, चार शर्ट, एक रजई, दाढीचं सामान आणि बायकोनं दिलेला डबा. रजई कोंबता कोंबता दार वाजलं आणि मास्तर आत आले. ते आपल्या खाटेवर बसले. त्यांनी तोंड उघडलं, आठवण झाली तसं मिटलं.

"बोलायचं नाही ना तुम्हाला?" कंडक्टर म्हणाले. "बरं. मला कुणी मनाई केलेली नाही, मी बोलतो."

मास्तर भिंतीकडे पाहत राहिले.

"शब्द मोडला मी तुमचा. मोडला तो चुकून, ते तुम्ही जाणता. पण परत जोडायची संधी तुम्ही माझ्यासाठी धावत घेऊन आला होतात, ती मी घेतली नाही. ते मात्र मुद्दाम. त्याबद्दल तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा. म्हणजे, म्हणता येईल तेव्हा म्हणा."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग उठून त्यांनी रजईचं बाहेर राहिलेलं टोक आत दाबलं आणि ट्रंकेचं झाकण लावायला त्यावर बसले. कड्या लागल्या. एका बाजूची कडी कंडक्टरांनी धरली, दुसऱ्या बाजूची मास्तरांनी. ट्रंक उचलून दोघे जिना उतरू लागले.

जिन्यावर भेटलेले पक्षाचे खासदार भिंतीला चिकटून उभे राहिले. खालच्या मजल्यावर पहारेकऱ्यानं चाचरत विचारलं, "मास्तर, हे चालतं का? मला वाटलं, तुमच्या पार्टीनं..."

"बोलायची मनाई आहे," मास्तर त्याला म्हणाले. "ओझं उचलायची नाही."

संध्याकाळची वेळ होती. गाडीच्या थांब्यावर ट्रंक ठेवून दोघे तिच्या दोन बाजूंना उभे राहिले. रस्त्यापलीकडे बँकेच्या दाराशी माणसं जमू लागली होती आणि कुणीतरी शटर वर ढकलून पाहत होतं. कंडक्टरांनी ते पाहिलं.

"उघडेल सोमवारी," ते म्हणाले. "बरं झालं. लोकांचे हाल होत होते." मग जरा वेळानं म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं वरच्या गावांना जाऊन येतो. गाडी राहिली नाही, हे त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं. मावशी रागावणार नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं."

मास्तरांनी मान हलवली.

"आणि हे बघा, पहाटे गार वारं सुटतं, खिडकी लावून घेत जा. तुम्हाला वाटतं ती रात्रभर बंदच असते. मी उठून लावत होतो."

मास्तर एकदम दुसरीकडे पाहू लागले.

गाडी आली ती भरूनच आली. आत त्या गाडीचा कंडक्टर, एक मिसरूड फुटलेला पोरगा, पार मागच्या टोकाला सुट्ट्या पैशांवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मास्तरांनी ट्रंक खालून रेटली, कंडक्टरांनी वरून ओढली आणि दारातच पायाशी घेतली. बसायला जागा नव्हती. ते दांडी धरून उभे राहिले, आणि त्यांना तसं उभं राहिलेलं पाहून दारातली माणसं आपोआप पुढं सरकली.

मास्तर खाली रस्त्यावर उभे होते. त्यांचे ओठ हलले, पण आवाज काही निघाला नाही. पोरगा अजून मागंच अडकला होता आणि गाडी जागची हलत नव्हती. मास्तर एक पाऊल पुढे आले आणि गाडीच्या पत्र्यावर त्यांनी तळहातानं दोन थापा मारल्या. ड्रायव्हरला वाटलं, इशारा झाला. त्यानं गाडी सोडली.